कशावरून?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या दिवशी मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ते काम कार्यवाहांनी आपल्या अहवालात माझ्यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने केले आहे. इमारतीची, देणगीदारांची आणि निकालांची हकिगत त्यात आली आहे. म्हणून मी थोडी मोकळीक घेऊन एका वेगळ्या विषयावर बोलणार आहे. चौथीच्या वर्गात आम्ही डायनोसॉर कसे शिकवतो, हा तो विषय. कार्यक्रमपत्रिकेवर तो वाचून काहींना हसू आल्याचे मी पाहिले. परंतु या विषयाशी माझे एक जुने देणे जोडलेले आहे, आणि ते याच व्यासपीठावरून फेडावे, असे मला वाटते.

गोष्ट 1998 सालची आहे. मी तेव्हा चौथीची वर्गशिक्षिका होते. मी मराठी साहित्याची एम. ए.; विज्ञान माझा विषय नव्हे. पण वर्गशिक्षिकेला सगळेच शिकवावे लागते. एका शनिवारी चित्रकलेच्या तासाला मी मुलांना आवडीचा प्राणी काढायला सांगितला. एका मुलीने लांब मानेचा डायनोसॉर काढला आणि त्याच्या पायांभोवती हिरव्या रंगीत पेन्सिलीने दाट गवत भरले. बराच वेळ ती त्या गवताची एकेक काडी रेखीत बसली होती. मी वर्गात फिरता फिरता तिच्या बाकापाशी थांबले आणि म्हणाले, “डायनोसॉरच्या काळी पृथ्वीवर गवत नव्हते. ते खोडून टाक.”

तिने मान वर करून विचारले, “बाई, कशावरून?”

मी म्हणाले, “पुस्तकात तसे आहे.”

तिने गवत खोडले. रंगीत पेन्सिलीचा रंग खोडरबराने पुरता जात नाही. कागद झिजला आणि खाली एक हिरवट डाग तेवढा उरला. मी पुढच्या बाकाकडे गेले.

त्या वेळच्या पुस्तकांप्रमाणे मी सांगितले ते बरोबरच होते. डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर कितीतरी काळाने गवत अवतरले, असाच तेव्हाचा समज होता. मात्र 2005 साली एक शोध प्रसिद्ध झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा या गावाच्या शिवारात डायनोसॉरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील डॉ. वंदना प्रसाद यांनी डॉ. अशोक साहनी आणि इतर सहकाऱ्यांसह ते गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गवताच्या पेशींमध्ये सिलिकेचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. गवताची कड बोटाला कापते, त्यात या सिलिकेचाही वाटा असतो. वनस्पती कुजते, हे कण कुजत नाहीत. शिवाय त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. पिसदुऱ्याच्या गोळ्यांमध्ये किमान पाच प्रकारच्या गवतांचे असे कण मिळाले. पुढे 2011 मध्ये त्याच अभ्यासातून भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही ओळखले गेले. म्हणजे आपल्या भूमीवर शेवटचे डायनोसॉर वावरत होते तेव्हा गवत होते, आणि ते त्यांच्या पोटातही जात होते.

ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, त्या दिवशी मला पहिल्यांदा आठवला तो कागदावरचा हिरवट डाग.

येथे मला एक गोष्ट काटेकोरपणे सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या हातून दुसरी चूक होईल. त्या मुलीने काढली होती तशी हिरवीगार कुरणे तेव्हा पसरली होती, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. त्या प्राण्यांचा मुख्य आहार दुसऱ्याच वनस्पतींचा होता. गवत त्यात थोडेसे होते. त्याहून कितीतरी कोटी वर्षे आधीच्या डायनोसॉरांच्या पायांखाली गवत होते, असाही याचा अर्थ नाही. आणि त्या मुलीला तरी गवताविषयी कुठे काही ठाऊक होते? जमीन म्हटली की गवत, इतकेच तिने आपल्या आजूबाजूला पाहिले होते. तेव्हा ती बरोबर आणि मी चूक, असा हा सरळ हिशेब नाही. पुस्तके बदलतात, शिक्षकाने पुस्तकाप्रमाणे शिकवले हा काही गुन्हा नव्हे. माझे चुकले ते दुसऱ्या ठिकाणी. तिने “कशावरून?” असे विचारले होते. विज्ञानातला सर्वांत मोठा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीने एका शब्दात विचारला, आणि मी त्यावर पुस्तकाचे झाकण ठेवले. “मला ठाऊक नाही, आपण शोधू या,” एवढे म्हणायला मला काय लागले असते?

त्या दिवसापासून मी ठरवले की डायनोसॉर हा विषय या शाळेत पुन्हा शिकवायचा, पण असा, की मुलांनी पावलापावलाला “कशावरून?” विचारावे आणि त्याचे उत्तर शक्यतो त्यांच्या स्वतःच्या हातांना सापडावे.

तयारी करताना माझ्या अज्ञानाचा आणखी एक पदर उलगडला. डायनोसॉर म्हणजे अमेरिकेचे वाळवंट, असेच मी इतकी वर्षे धरून चालले होते. शाळेच्या पालकसभेत मी या उपक्रमाविषयी बोलले, तेव्हा तोफगाडी कारखान्यात नोकरी करणारे एक पालक उठून उभे राहिले. म्हणाले, “बाई, आमच्या कारखान्याजवळच्या टेकडीत डायनोसॉरची हाडे सापडली होती म्हणतात. ती आधी पाहा ना.” ती टेकडी म्हणजे बडा शिमला. मी वाचू लागले आणि थक्क झाले.

1828 साली कॅप्टन विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला बडा शिमला टेकडीपाशी दगड झालेली हाडे मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेला तोच हा स्लीमन. हाडे पुढे कोलकात्याला गेली. गंमत अशी, की त्या वेळी जगात ‘डायनोसॉर’ हा शब्दच नव्हता. तो रिचर्ड ओवेन यांनी 1842 साली रूढ केला. आपल्या गावची हाडे त्या शब्दाहून चौदा वर्षांनी जुनी. पुढे 1877 मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. भारतातून सापडलेला हा पहिला डायनोसॉर. त्यानंतर ती हाडे संग्रहातच कोठे तरी हरवली, आणि त्यांपैकी शेपटीचा एक मणका 2012 साली कोलकात्यातच पुन्हा सापडला. डॉ. धनंजय मोहबे आणि डॉ. सुभाशिष सेन यांनी तो शोधून काढला. ज्या खडकांत हे अवशेष मिळतात त्यांना जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘लमेटा’ म्हणतात, आणि हे नाव पडले आहे आपल्या नर्मदेच्या लमेटा घाटावरून. पिसदुऱ्याचे ते गोळेही लमेटा थरांतलेच. म्हणजे ज्या घाटावर आपण स्नानाला जातो, त्याच्या नावाच्या खडकातून माझ्या प्रश्नाचे उत्तर आले होते, आणि मी मात्र वर्गात परदेशी चित्रे दाखवीत होते.

आता प्रत्यक्ष वर्गात काय चालते ते सांगते. वर्षातून दोन आठवडे आम्ही या उपक्रमाला देतो.

पहिल्या दिवशी डायनोसॉर येतच नाही, येते सुतळी. ‘कोटी वर्षे’ हे शब्द नऊ वर्षांच्या मुलाला, आणि खरे म्हणजे मलाही, काहीच सांगत नाहीत. म्हणून आम्ही 46 मीटर लांबीची सुतळी मैदानावर ताणतो. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षे. पृथ्वीचे वय सुमारे 460 कोटी वर्षे, ते या सुतळीत नेमके बसते. मुले पृथ्वीच्या जन्मापासून चालू लागतात. चालतात, चालतात, आणि डायनोसॉर काही येत नाहीत. “बाई, कधी येणार?” असे चारदा विचारून होते. शेवटाला फक्त 2 मीटर 30 सेंटिमीटर उरले असताना लाल दोऱ्याची गाठ लागते : 23 कोटी वर्षांपूर्वी पहिले डायनोसॉर. शेवटापासून 66 सेंटिमीटरवर दुसरी लाल गाठ : 6.6 कोटी वर्षांपूर्वी त्यांचा अंत. आणि आपण? आपल्या जातीचा माणूस सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेवटचे तीन मिलिमीटर.

एका वर्षी एका मुलाने दोन लाल गाठींमधले अंतर मोजले. ते 164 सेंटिमीटर भरले. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, “डायनोसॉरांचा काळ बाईंच्या उंचीएवढा, आणि माणसांचा बाईंच्या नखाच्या टोकाएवढा.” त्यानंतर ‘माणूस आणि डायनोसॉर एकत्र राहत होते का?’ हा प्रश्न मला त्या वर्गात शिकवावा लागला नाही. आणि ज्या साठ वर्षांचा उत्सव आपण आज करीत आहोत, ती या सुतळीवर केसाच्या जाडीचाही अगदी लहानसा अंश भरतात. उत्सवाच्या दिवशी हे लक्षात ठेवणे प्रकृतीला चांगले असते.

दुसरा पाठ जीवाश्माचा. मुले माती मळून तिच्या चपट्या वड्या करतात, त्यांत नर्मदाकाठचे शिंपले, पिंपळाची पाने, बाभळीच्या शेंगा दाबतात. वस्तू काढून घेतली की ठसा उरतो. त्या ठशात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचे. दोन वाट्या प्लास्टरला एक वाटी पाणी. अर्ध्या तासाने माती सोडवली की हातात शिंपल्याच्या आकाराचा पांढरा दगड येतो. मग मी विचारते, “हा शिंपला आहे का?” वर्गात दोन पक्ष पडतात. बऱ्याच वादानंतर कोणी तरी म्हणते, “हा शिंपला नाही, इथे शिंपला होता, हे सांगणारा दगड आहे.” जीवाश्माची याहून चांगली व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही.

याच पाठाला जोडून एक छोटा प्रयोग असतो. एक पान व्हरांड्यात उघड्यावर ठेवायचे, एक चिखलात पुरायचे, एकाचा ठसा घ्यायचा. दोन आठवड्यांनी उघड्यावरचे पान चुरगळून गेलेले असते. मुलांना आपोआप कळते की बहुतेक जीव मागे काहीच ठेवीत नाहीत. जे सापडते ते थोडे, आणि न सापडलेले अफाट. पालकांना घरी हा प्रयोग करायचा असेल तर दोन सूचना. प्लास्टर घट्ट होताना तापते, म्हणून त्यात हात बुडवू देऊ नका. आणि उरलेले प्लास्टर मोरीत कदापि ओतू नका. पहिल्या वर्षी आम्ही ते ओतले. तिसऱ्या दिवशी आमचे शिपाईमामा नळीचा तुकडा हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तुमचा डायनोसॉर इथे अडकलाय.”

तिसरा पाठ उत्खननाचा, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. मोठ्या घमेल्यात ओली वाळू भरतो. आत मातीची तीन अंडी असतात, त्यांतले एक फुटलेले, आणि त्या फुटक्या अंड्याभोवती लाकडी मण्यांची एक वेटोळी ओळ. वर सुताने नऊ चौकोन आखलेले. हत्यार म्हणजे जुना दात घासायचा ब्रश. पहिल्या वर्षी मी नियम सांगायला विसरले. एका गटाने दहा मिनिटांत सगळे मणी उपसून ढीग केला आणि विजयी मुद्रेने सांगितले, “बावीस मणी सापडले!” मी विचारले, “ते काय होते?” “माळ होती.” दुसऱ्या गटात एक सावकाश काम करणारी मुलगी होती. तिने एकही मणी हलवू दिला नाही. फक्त वाळू झटकत राहिली. थोड्या वेळाने तो गट एकदम ओरडला, “साप! साप अंडी खायला आलाय!” मणी तेच, अंडीही तीच. पण एका गटाला माळ मिळाली आणि दुसऱ्याला घडलेली घटना.

मग मी त्यांना खरी गोष्ट सांगते. गुजरातेतील धोळी डुंगरी या गावी 1980 च्या दशकात डॉ. मोहबे यांना डायनोसॉरच्या घरट्याचा एक तुकडा मिळाला. त्यात अंडी होती आणि काही बारीक हाडे होती. ती सगळी हाडे डायनोसॉरच्या पिल्लाची असावीत, असे प्रथम वाटले. 2001 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो खडक पाहिला, तेव्हा त्यांतले काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. खडक काळजीपूर्वक साफ केल्यावर चित्र स्पष्ट झाले : फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी नुकतेच जन्मलेले पिल्लू. 2010 साली हा शोध जगापुढे आला. सापाला ‘सनाजेह इंडिकस’ असे संस्कृतातून घडवलेले नाव मिळाले. हाडे जागची हलली नव्हती, म्हणून गोष्ट वाचता आली. आणि ज्यांनी पहिला अर्थ लावला होता, ते डॉ. मोहबेच नव्या अर्थाच्या शोधनिबंधाचे एक लेखक होते. स्वतःचे मत पुराव्यापुढे बदलण्यात कमीपणा नसतो, हे मी मुलांना सांगते आणि मनातल्या मनात स्वतःलाही सांगते. आमच्या वर्गाचा नियम आता भिंतीवर लिहिलेला आहे : ‘आधी जागा टिपा, मग वस्तू उचला.’

चौथ्या दिवशी आम्ही मैदानावर फक्कीने डायनोसॉर आखतो. गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेला ‘बारापासॉरस टागोराय’ सुमारे चौदा मीटरांचा. त्याच्या नावात ‘बडा पाय’ आहे आणि रवींद्रनाथ ठाकूरही आहेत, हे कळल्यावर मुलांना तो एकदम घरचा वाटू लागतो. मग नर्मदेचे नाव धारण करणारा मांसाहारी ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’. याच्या मात्र आम्ही दोन आकृत्या काढतो : एक नऊ मीटरांची आणि एक साडेसहा मीटरांची. कारण 2003 साली नाव मिळाले तेव्हाचा अंदाज पहिला, आणि नंतरच्या एका अभ्यासातला अंदाज दुसरा. “मग खरा कोणता?” असे मुले विचारतात. मी त्यांना सांगाड्याचे चित्र देते, ज्यात सापडलेली हाडे रंगवलेली आहेत आणि न सापडलेली कोरी. कोऱ्या जागा पाहून मुले गप्प होतात. अंदाज म्हणजे थाप नव्हे आणि अंदाज म्हणजे खात्रीही नव्हे, हा फरक त्या कोऱ्या जागांनी जितका शिकवला तितका माझ्या कोणत्याही व्याख्यानाने शिकवला नाही.

अंड्यांचा पाठ कागदाच्या लगद्याचा. आपल्याच मध्यप्रदेशातील धार जिल्ह्यात 92 घरटी आणि त्यांत 256 अंडी नोंदवल्याचा शोधनिबंध 2023 साली प्रसिद्ध झाला. अंडी साधारण 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची; एखाद्या घरट्यात एकच, एखाद्यात वीस. मुले फुग्यावर लगदा थापून त्याच मापाची अंडी करतात. एवढ्या प्रचंड प्राण्याचे अंडे खरबुजाएवढेच, याचे त्यांना नवल वाटते, आणि मग अंड्यातले पिल्लू किती मोठे असेल याची मापे वर्गात आपोआप सुरू होतात. गणिताच्या सरांना हा तास फार आवडतो.

आणि शेवटचा पाठ गोवरीचा. होय, गोवरीचा. प्रत्येक गटाला एक वाळलेली गोवरी आणि एक भिंग मिळते. नाके मुरडली जातात, हसणे होते, एखादी आई चिठ्ठी पाठवते. पण गोवरी मोडून भिंगाखाली धरली की वर्ग शांत होतो. काडी दिसते, तूस दिसते, एखादे अर्धवट पचलेले बीही दिसते. “या गाईने काय खाल्ले?” मुले यादी करतात. “कशावरून?” मुले भिंग पुढे करतात. मग मी पिसदुऱ्याची गोष्ट सांगते, आणि त्यानंतर, दर वर्षी, त्या चित्राचीही. माझी चूक मी प्रत्येक वर्गाला सांगते. मुले ती फार मन लावून ऐकतात. बाईंच्या चुकीची गोष्ट कोणाला आवडत नाही?

उपक्रमाचा समारोप लमेटा घाटावर होतो. तेथून काहीही उचलायचे नाही, हा दंडक आहे. खडकाला हात लावायचा, थर पाहायचे, चित्र काढायचे आणि परतायचे. जबलपूरच्या टेकड्यांवर या पांढुरक्या थरांच्या वर काही ठिकाणी काळा पाषाण दिसतो. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. हाच पाषाण पुढे दक्षिणेला सह्याद्रीपर्यंत पसरलेला आहे. अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरली आहेत आणि शिवरायांचे गड त्यावरच उभे आहेत. आपली मुले महाराष्ट्रापासून दूर वाढतात. पण हा काळा पाषाण आपल्या पूर्वजांच्या गावापर्यंत आढळतो, हे त्यांना घाटावर उभे राहून सांगताना मला नेहमी भरून येते.

पालकहो, या उपक्रमावर आक्षेप आले नाहीत असे नाही. “परीक्षेत न येणाऱ्या विषयात दोन आठवडे का?” असे विचारले गेले. या दोन आठवड्यांत मोजमाप, प्रमाण, चित्रकला, निरीक्षण आणि निबंध एवढे सगळे झालेले असते, हे मी वह्या दाखवून सांगते. “हे सारे मराठीत शिकून पुढे काय उपयोग?” असाही प्रश्न येतो, आणि तो अधिक खोल आहे. या शाळेत पूर्वी प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या. आज एकच आहे. आपल्याच घरची मुले दुसऱ्या माध्यमात गेली, याचे दुःख मी लपवीत नाही, आणि त्या आईबापांना दोषही देत नाही. मी एवढेच सांगते, की ‘जीवाश्म’ हा शब्द फळ्यावर लिहिला की आमचे मूल त्यातला ‘जीव’ही ओळखते आणि ‘अश्म’ही. पिसदुऱ्याच्या गोळ्यांना आमच्या मुलांनी स्वतःच ‘शेणदगड’ असे नाव दिले. शब्द पाठ करणे निराळे आणि शब्द घडवणे निराळे. संध्याकाळी हेच मूल आजीला सगळी हकिगत सांगते, आणि आजी मध्येच थांबवून शंका विचारते. विज्ञान घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापर्यंत त्याच दिवशी पोहोचते. पुढे ही मुले इंग्रजी शिकतात, हिंदी शिकतात, शिकलीच पाहिजेत. पण “कशावरून?” हा प्रश्न ज्या भाषेत रडलो-हसलो त्या भाषेत पहिल्यांदा विचारलेला असला, म्हणजे तो आयुष्यभर विसरत नाही.

या प्रश्नाचा घरी थोडा उपद्रवही होतो. एकदा एक आजोबा तक्रार घेऊन आले. “तुमच्या शाळेने आमच्या नातीला हे काय शिकवले? प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ म्हणते.” मी त्यांना म्हटले, “काका, तुम्हीही तिला विचारा.” आमच्या वर्गात हा प्रश्न दोन्ही बाजूंनी चालतो. जो विचारतो, त्यालाही स्वतःच्या बोलण्याचा पुरावा द्यावा लागतो. महिन्याने आजोबा पुन्हा आले. म्हणाले, “बाई, आता ती विचारण्याआधी थांबून विचार करते. आणि मीही.”

माझी आपणा सर्वांना विनंती इतकीच आहे. मुलांना प्लास्टिकचे डायनोसॉर आणून द्या, हरकत नाही. पण त्यांच्या प्रश्नाला “मला ठाऊक नाही, आपण शोधू या” असे उत्तर देण्याची सवयही घरात आणा. हे वाक्य उच्चारायला मोठ्यांना जड जाते. मला त्यासाठी सात वर्षे आणि चंद्रपूर जिल्ह्यातले काही शेणदगड लागले.

आता माझे देणे. 1998 साली चौथीत असलेली ती विद्यार्थिनी आज पस्तिशी ओलांडून गेली असेल. ती या सभामंडपात आहे की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित तिच्या ते स्मरणातही नसेल. मी तिचे नाव घेत नाही, कारण ही चूक माझी आहे आणि माझ्याच नावावर राहावी. परंतु ती येथे असेल, किंवा ही स्मरणिका कधी तिच्या हाती पडली, तर तिला सांगते : बाळ, तुझा प्रश्न योग्य होता. मी त्याचे उत्तर दिले नाही आणि तुला गवत खोडायला लावले. याबद्दल मी तुझी क्षमा मागते. तुझ्यानंतर या वर्गात आलेल्या प्रत्येक मुलाला तुझा प्रश्न शिकवला आहे, आणि डायनोसॉरच्या पायांशी गवत काढणाऱ्या मुलाला आता आम्ही खोडरबर देत नाही; “कशावरून काढलेस?” एवढेच विचारतो.

शाळेची साठ वर्षे ज्यांच्या कष्टांनी उभी राहिली, त्या सर्वांना वंदन करते. चौथीचा वर्ग आज आपणा सर्वांसाठी उघडा ठेवला आहे. सुतळी ताणून ठेवली आहे आणि घमेल्यात नवी वाळू भरली आहे. जाताना अवश्य डोकावून जा. मात्र कृपा करून आधी जागा टिपा, मग वस्तू उचला.